बाटलीआधी पाणी : किनारपट्टीवरच्या घरात बेटाडीन कसं वापरावं

कोकणात जखमांनाही हंगाम असतो. चैत्र-वैशाखात काजूचा डीक आणि आंब्याचा चीक, लावणीच्या दिवसांत चिखलात कुजलेली पायाची बोटं, ऑगस्टात मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली की शिंगाळा माशाचे काटे. ओहोटीला खडपात कालवं काढायला जाणाऱ्या बायकांचे हातपाय तर बारा महिने चिरलेले. विळी, कोयता आणि जांभ्याची पायरी यांना मुहूर्त लागत नाही. या सगळ्यांवर एकच औषध मागितलं जातं : "ती तांबडी बाटली द्या." म्हणजे बेटाडीन.

खाडीकाठच्या एका गावात माझं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. काउंटरच्या या बाजूने इतकी वर्षं पाहून माझं मत झालंय की हे औषध उत्तम आहे, पण निम्म्या घरांत ते वाया जातं. रक्ता-मातीवर ओततात, लगेच कापसाने पुसतात, वर हळद दाबतात. नाहीतर बरी होत आलेली जखम तीन-तीन आठवडे रोज रंगवत बसतात. बेटाडीनचं, म्हणजे पोव्हिडोन आयोडीनचं, काम बाटली उघडण्याआधीच्या पाण्यावर आणि लावल्यानंतरच्या दोन मिनिटांवर अवलंबून असतं. पुढचं सगळं त्यासाठी.

बाटलीत काय असतं

आयोडीन सापडलं तेच मुळी समुद्राच्या कृपेने. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कूर्त्वा हा माणूस समुद्रशेवाळाच्या राखेपासून क्षार काढत असताना त्याला जांभळ्या वाफा दिसल्या. पुढे शतकभर जखमांवर 'टिंचर' चाललं, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं आयोडीन. आपल्याकडच्या आजोबा-पणजोबांना ते आठवत असेल ते त्याच्या झोंबण्यामुळे. जंतू मरायचे, पण कातडीही भाजायची, आणि कपड्यांवरचा डाग जन्माचा.

१९५५ मध्ये अमेरिकेत शेलान्स्की आडनावाच्या दोन संशोधकांनी त्यावर उपाय काढला. पोव्हिडोन नावाचा पाण्यात विरघळणारा एक लांबलचक रेणू आहे. तो आयोडीनला सैलसर धरून ठेवतो आणि थोडं थोडं सोडतो. मोकळं झालेलं आयोडीन जंतूच्या आवरणातून आत शिरतं, त्याची प्रथिनं आणि स्निग्ध द्रव्यं बिघडवतं. जितकं खर्च होईल तितकं नवीन सुटतं. हल्ला एकाच वेळी अनेक जागी होत असल्यामुळे, अँटिबायोटिकांना जंतू जसे सरावतात तसे याला सरावलेले फारसे आढळत नाहीत. बॅक्टेरिया, बुरशी, बरेचसे विषाणू, सगळ्यांवर चालतं. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मात्र चिवट असतात. त्यांना फार वेळ लागतो, म्हणून बेटाडीन लावलं तरी धनुर्वाताचं इंजेक्शन टळत नाही.

'बेटाडीन' हे एका कंपनीने या औषधाला दिलेलं नाव. 'वोकाडीन' आणि इतर नावांनीही हेच औषध मिळतं आणि स्वस्त कंपनीचं म्हणून ते कमी प्रतीचं ठरत नाही. नावापेक्षा आकडा वाचा. १० टक्के पोव्हिडोन आयोडीन म्हणजे १० टक्के आयोडीन नाही. त्यात उपयोगात येऊ शकणारं आयोडीन १ टक्का असतं, ५ टक्केवाल्यात अर्धा टक्का. घरासाठी ५ टक्के द्रव किंवा मलम पुरतं. ७.५ टक्क्यांचं 'स्क्रब' हे शस्त्रक्रियेआधी हात धुण्याचं फेसाळ औषध आहे. त्यात साबणासारखं द्रव्य असतं, ते जखमेवर ठेवायचं नसतं. २ टक्क्यांचं गार्गल घशासाठी. चौघांच्या बाटल्या लांबून सारख्याच दिसतात. म्हाताऱ्या माणसाच्या हाती देण्याआधी बाटलीवर मोठ्या अक्षरात 'जखम' किंवा 'गुळण्या' असं लिहून चिकटपट्टी लावून द्या.

साध्या जखमेसाठी क्रम

पहिलं काम रक्त थांबवणं. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटं दाबून धरा. मधे मधे उचलून "थांबलं का" बघू नका, तिथेच सगळं बिघडतं. हात किंवा पाय छातीच्या वर उचलून धरला तर बरं. दहा मिनिटं नीट दाबूनही रक्त येतच राहिलं, किंवा उसळी मारून येत असलं, तर दाब न सोडता दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा.

याच वेळी जखम पाहून घ्या. चिरेच्या कडा फाकल्यात का, आत पिवळसर चरबी दिसते का, बोट वाकत-उघडत नाही का, पुढे बधिरपणा आलाय का? कोयत्याच्या जखमेत शीर किंवा स्नायूबंध तुटलेला असतो आणि वरून ती साधी चीर दिसते. अशी जखम घरी सोडवायची नाही. टाके घालायचे तर शक्यतो सहा-आठ तासांच्या आत पोहोचलेलं बरं. आपल्याकडे शेवटची एसटी गेली की सकाळच उजाडते, हे लक्षात घेऊन संध्याकाळच्या जखमेचा निर्णय लवकर घ्या.

मग आपले हात साबणाने धुवा. आपले, म्हणजे जो मलमपट्टी करणार त्याचे. आत्ताच मासळी कापलेल्या हातांनी तर मुळीच नको.

आता खरं काम : जखम धुणं. वाहत्या पाण्याखाली पाचेक मिनिटं. पिण्याजोगं पाणी असेल तर ते चालतं, महागडं सलाईन लागत नाही. विहिरीचं असेल आणि पावसाळा असेल तर उकळून गार केलेलं घ्या. पावसात विहिरीत आजूबाजूचा सगळा निथळ उतरतो आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली म्हणून ते पाणी लगेच निर्धोक होत नाही. एखाद्या रिकाम्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडा, उकळून गार केलेलं पाणी भरा आणि बाटली दाबून जोरदार धार मारा. माती, वाळू, जांभ्याची लाल भुकटी त्या धारेने सुटते. आजूबाजूच्या कातडीला साबण लावा, जखमेच्या आत साबण रगडायची गरज नाही. चिमटा वापरायचा तर उकळून घेतलेला, आणि वर दिसणाऱ्या कणांसाठीच. आत उकरायचं नाही.

धुण्यावर मी एवढा अडून बसतो त्याला कारण आहे. आयोडीन रक्त, पू, माती, शेण सगळ्यांशी संयोग पावतं. जखमेवर हे थर असले तर औषध तिथेच खर्ची पडतं आणि जंतूंपर्यंत पोचतच नाही. लावल्यावर तांबूस तपकिरी रंग झपाट्याने फिका झाला तर समजावं की आयोडीन संपलं. अशा वेळी वर आणखी ओतण्याऐवजी पुन्हा धुवा.

स्वच्छ कापडाने कोरडं टिपा आणि मग औषध. बाटलीत कापूस बुडवायचा नाही. थोडं औषध उकळलेल्या वाटीत किंवा थेट गॉजवर ओता. कडांवर आणि जखमेवर एकच पातळ थर द्या. आतून बाहेर फिरवत जा आणि तोच बोळा परत आत आणू नका. लावून झालं की किमान दोन मिनिटं थांबा. फुंकर नको, पुसणं नको. सुकू द्या. औषध हे त्या सुकण्याच्या काळात काम करतं. दुकानात पोरांना घेऊन येणाऱ्या आयांना मी सांगतो, त्याला पाढे म्हणायला लावा. बाराचा पाढा येईपर्यंत सुकलेलं असतं.

सुकल्यावर कोरडं गॉज आणि सैल पट्टी. ओलं बेटाडीन घट्ट पट्टीखाली, प्लास्टिकखाली किंवा पाठीखाली साचून राहिलं तर कातडी खरोखर भाजते. शस्त्रक्रियागृहातसुद्धा टेबलावर रुग्णाच्या अंगाखाली द्रव साचू नये याची काळजी घेतात ती म्हणूनच.

पाणी घालून पातळ करावं का, हा नेहमीचा प्रश्न. यात एक गंमत आहे. पातळ केल्यावर पोव्हिडोनची पकड सैल होते आणि ठरावीक मर्यादेपर्यंत मोकळ्या आयोडीनचं प्रमाण उलट वाढतं. पण साठा कमी झालेला असतो, त्यामुळे थोड्याशा रक्तानेही ते संपून जातं. शस्त्रक्रियेत पोकळी धुवायला पातळ द्रावण वापरतात ते निर्जंतुक पाण्यात, मोजून. घरी विहिरीच्या पाण्यात अंदाजाने मिसळू नका. बाटलीवर लिहिलं असेल तेच.

दिवसातून एकदा पट्टी बदला, भिजली तर लगेच. दोन-तीन दिवसांत दुखणं कमी व्हायला लागतं, कडा गुलाबी दिसतात. तिथे बेटाडीन बंद करा. जंतूंना मारणारं औषध नव्याने येणाऱ्या पेशींनाही थोडं सोसावं लागतं. स्वच्छ, भरत आलेल्या जखमेला आठवड्यांमागून आठवडे आयोडीन लावून काही मिळत नाही. नुसतं पाण्याने धुणं आणि स्वच्छ पट्टी पुरे. खपली काढून त्याखाली औषध भरणाऱ्यांना तर हात जोडतो.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, ज्याला सगळे अजून टीटी म्हणतात. पूर्वीचे डोस नीट झाले असतील तर मातीच्या, काट्याच्या, गंजलेल्या वस्तूच्या जखमेला शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली असली तर पुन्हा घ्यायचं. स्वच्छ बारीक जखमेला दहा वर्षं. आठवतच नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन घेऊन टाका.

खडप, खाडी आणि होडी

कालवाची धार ब्लेडपेक्षा वाईट. चीर बारीक, पण शिंपल्याचा चुरा आणि खाडीचा गाळ आत राहतो. धार मारून धुणं इथे दुप्पट वेळ करा आणि समुद्राच्या पाण्याने धुऊ नका. "खारट पाण्याने जखम बरी होते" ही समजूत धोक्याची आहे. कोमट खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू राहतात. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही. पण मधुमेह असलेला, यकृत बिघडलेला किंवा रोज दारू पिणारा माणूस असेल तर तासागणिक पसरणारी लाली, जांभळे फोड, ताप अशी अवस्था एका रात्रीत येऊ शकते. त्या वेळी बेटाडीनचा उपयोग शून्य, रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक लागतात. अशा माणसाने जखम पूर्ण भरेपर्यंत खाडीत उतरूच नये.

शिंगाळ्याचा काटा किंवा पाकट माशाची नांगी लागली तर आधी गरम पाणी. सोसेल इतकं गरम, साधारण ४५ अंश, त्यात हात किंवा पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. या विषाचा ठणका उष्णतेने कमी होतो. पाणी सोसतंय का ते न लागलेल्या हाताने पाहा, कारण विषाने बधिर झालेल्या पायाला भाजल्याचं कळत नाही. काट्यावर करवतीसारखे दात असतात, तुकडा आत राहतो. म्हणून ठणका ओसरल्यावरही दाखवून घ्या, एक्स-रे लागू शकतो. छातीत, पोटात किंवा मानेत घुसलेला काटा उपसू नका, तसाच स्थिर धरून न्या. बेटाडीन सगळ्यांत शेवटी, जखमेच्या तोंडाशी. खोल छिद्रात सुईने बेटाडीन सोडणारे महाभाग मी पाहिलेत. ते आत साचतं आणि मांस भाजतं.

चार-पाच दिवसांसाठी समुद्रात जाणाऱ्या होडीवर पेटीत काय असावं, हे तांडेल विचारतात. माझी यादी छोटी आहे : १०० मिली पोव्हिडोन आयोडीनची सीलबंद बाटली, एक-दोन लिटर बंद पिण्याचं पाणी फक्त जखमांसाठी राखलेलं, निर्जंतुक गॉजची पाकिटं, रोलर पट्टी, कागदी चिकटपट्टी, रबरी हातमोजे, चिमटा, साबण. बाटली पत्र्याच्या पेटीत मोकळी टाकू नका. झाकण झिरपलं की आयोडीन धातू खातं. इंजिनाजवळही नको, उन्हात आणि उष्णतेत औषध उतरतं. मलमपट्टीनंतर बर्फात, जाळ्यात हात घालायचाच असेल तर वर हातमोजा चढवा आणि काम झालं की काढा. दिवसभर घामट हातमोज्यात ओल्या पट्टीवर कातडी पांढरी पडते.

लावणीतल्या चिखल्या हा वेगळा प्रकार. बोटांच्या बेचक्यांत कातडी भिजून सोलते, मग बुरशी धरते. आयोडीन बुरशीवर चालतं, पण इथे कोरडेपणाच औषध आहे. संध्याकाळी पाय साबणाने धुऊन बेचके पुसा, उघडे ठेवा, डॉक्टरांनी किंवा दुकानात सांगितलेलं बुरशीचं मलम लावा. चिरलेल्या पायाने चिखलात उतरताना मोठी भीती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची. उंदरांच्या मुतातून चिखलात आलेले जंतू याच भेगांतून शिरतात. सकाळी बेटाडीन लावून दिवसभर चिखलात उभं राहिलं तर ते धुऊन गेलेलं असतं. गमबूट घाला, आणि पावसाळ्यात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही आलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. लावणीच्या काळात प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का हे तिथले डॉक्टर ठरवतात.

काजूचा डीक लागला तर तो जंतूंचा मामला नाही. टरफलातलं तेल कातडी जाळतं. लगेच साबणाने धुवा. आयोडीनने त्या तेलाचं काही बिघडत नाही, उलट सोललेल्या कातडीला चिडवतं. बी फोडणाऱ्या बायका आधी हाताला खोबरेल चोपडतात, ते शहाणपणाचं आहे. भाजल्यावरही आधी पाणीच : वीस मिनिटं नळाचं पाणी, स्वच्छ कापडाने झाकणं. मोठ्या भागावर भाजलं असेल तर घरात बेटाडीन अजिबात नको, त्यातून आयोडीन रक्तात भरपूर शिरतं.

कुत्रा चावला की मात्र ही बाटली आणि साबण यांचं खरं मोल कळतं. ओरखडा असला तरी साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा, घड्याळ लावून. मग पोव्हिडोन आयोडीन. रेबीजचा विषाणू जखमेतच मारायची ही संधी असते. पण याने लस टळत नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. कातडीत द्यायच्या पद्धतीत लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ (० म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस). जखम रक्ताळलेली असेल तर शून्याव्या दिवशी जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. मिरची, चुना, तेल काही लावू नका, पट्टीही घट्ट बांधू नका.

साप आणि विंचू यांच्याबाबतीत बेटाडीन ही निव्वळ वेळ घालवणं आहे. फुरसं चावलंय आणि घरचे दंशाच्या खुणा रंगवतायत, असं होता कामा नये. चीर नको, चोखणं नको, करकचून दोरी नको. अंग न हलवता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात. लाल विंचवासाठी आज प्राझोसिन हे औषध आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्याच रुग्णांवर काम करून ते जगाला दाखवलं.

कोणी जपून वापरावं

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. १० टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे जवळपास सदुसष्ट दिवसांची गरज. धड कातडीतून फार थोडं आत जातं. पण मोठी उघडी जखम, भाजलेला भाग, तोंडाचा किंवा योनीमार्गाचा पातळ पडदा यांतून बरंच शिरतं आणि सरळ थायरॉईडला गाठतं. थायरॉईडचा आजार किंवा गाठ असलेल्यांनी, लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडं कमजोर असलेल्यांनी एखाद्या लहान चिरेपलीकडे, सलग दिवस वापरायचं असेल तर डॉक्टरांना विचारावं. थायरॉईडची किरणोत्सारी आयोडीनची तपासणी किंवा उपचार ठरले असतील तर आदल्या आठवड्यांत लावलेलं बेटाडीन सांगायला विसरू नका. तो निकाल बिघडतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी लहानशा खरचटण्यावर एखाद्या वेळी लावलं तर घाबरायचं कारण नाही. रोज आणि मोठ्या भागावर मात्र नको, कारण आयोडीन वारेतून बाळाकडे जातं आणि दुधातही उतरतं. स्तनाग्रांच्या भेगांवर तर नकोच. नवजात बाळाच्या नाळेवर आपणहून बेटाडीन लावू नका. कातडी इतकी पातळ असते की बाळाची थायरॉईड मंद पडू शकते, आणि ते त्याच्या मेंदूच्या वाढीच्या दिवसांत. नाळ कोरडी, उघडी ठेवायची. आजीची राख, तेल, हळद यांनाही प्रेमाने नकार द्यायचा. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्यासमोर विषय काढला की सासूबाई लवकर ऐकतात, हा अनुभव आहे.

आता आपल्या किनाऱ्यावरची खास समजूत. "हिला कोळंबी चालत नाही, बेटाडीन कसं चालेल?" माशांत आयोडीन, म्हणून माशांची अ‍ॅलर्जी म्हणजे आयोडीनची अ‍ॅलर्जी, असं गणित लोकांनीच नाही तर काही शिकलेल्यांनीही मांडलेलं असतं. ते चुकीचं आहे. कोळंबी-चिंबोरीची अ‍ॅलर्जी त्यांच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते. आयोडीन तर आपल्या सगळ्यांच्या अंगात, थायरॉईडच्या संप्रेरकात असतंच, त्याशिवाय जगता येत नाही. कोळंबीने पुरळ उठणारा माणूस बेटाडीन लावू शकतो. ज्याला आधी बेटाडीननेच खाज, फोड आले असतील त्याने मात्र टाळावं, आणि तसं केसपेपरवर लिहून घ्यावं.

कशाबरोबर नको

हायड्रोजन पेरॉक्साइडच्या फेसावर लोकांचा भारी विश्वास. ते आणि आयोडीन एकमेकांना संपवतात, मिसळून बाटलीत बंद केलं तर वायूने बाटली फुटूही शकते. भाजल्यावर लावायच्या चांदीच्या पांढऱ्या मलमासोबत लावलं तर दोन्हींचा जोर जातो. जुन्या घरात अजून 'लाल औषध' म्हणजे मर्क्युरोक्रोमची बाटली सापडते. त्यात पारा असतो, त्यावर आयोडीन लावलं तर कातडी जाळणारं संयुग बनतं. ती बाटली काढून टाका. हळद, रानमोडीचा पाला, दगडीपाला, कॉफी पावडर यांच्या गुणावगुणांवर वाद घालत नाही, पण बेटाडीनवर ते चोळलं की आयोडीन त्यांच्याशीच झुंजत बसतं आणि वर पाल्यासोबत माती आत जाते.

डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धुवा आणि दाखवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन घालतात हे खरं, आतल्या भयंकर संसर्गापासून वाचवणारी ती फार महत्त्वाची पायरी आहे. पण ते निर्जंतुक, डोळ्यांसाठीच बनवलेलं असतं आणि नंतर धुऊन टाकतात. स्क्रबमधलं फेसाळ द्रव्य तर बुबुळाला इजा करतं.

गुळण्यांचं औषध लेबलवर सांगितल्याप्रमाणे पातळ करून अर्धा मिनिट घशात खेळवायचं आणि थुंकायचं. सहा वर्षांखालच्या मुलांना नाही, आणि मोठ्यांनीही सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही. पोराने जखमेची बाटली तोंडाला लावली तर उलटी करवू नका. तोंड पुसा. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर थोडं दूध किंवा तांदळाची पेज द्या, पिष्ट आयोडीनला बांधून ठेवतं. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखान्यात.

दवाखान्यात

तिथला वापर पटकन सांगतो, म्हणजे नातेवाईकांना उगाच शंका येणार नाही. शस्त्रक्रियेआधी कातडी रंगवणं, सिझेरियनआधी योनीमार्ग पुसणं, सलाईनच्या किंवा डायलिसिसच्या नळीभोवतीची जागा स्वच्छ ठेवणं, मधुमेहाच्या चिघळलेल्या पायावर काही दिवस मलम लावणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. तरी सगळीकडे तेच पहिलं असं नाही. शस्त्रक्रियेआधीच्या कातडीसाठी अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडिनला त्याच संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात पसंती दिली. त्यामुळे तांबड्याऐवजी बिनरंगाचं किंवा गुलाबी औषध लावलेलं दिसलं तर "बेटाडीन का नाही लावलं" म्हणून भांडू नका.

कधी थांबू नये

जखम तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त ठणकते, कडा सुजून गरम लागतात, पू किंवा दुर्गंधी येते, हातावर-पायावर वर सरकणारी लाल रेघ दिसते, जांघेत किंवा काखेत अवधाण (दुखरी गाठ) येतं, थंडी वाजून ताप येतो. यांतलं एकही दिसलं तर बेटाडीनची दुसरी बाटली घ्यायला येऊ नका, डॉक्टरांकडे जा. मधुमेही माणसाने पायाच्या कुठल्याही जखमेला यांची वाट बघायची नाही. त्याला दुखतच नाही, आणि म्हणूनच बोटं जातात.

बाटली सांभाळताना

उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. जंतुनाशकाच्या बाटलीत जंतू वाढणार नाहीत ही समजूतही खरी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत कारखान्यातूनच दूषित झालेल्या पोव्हिडोन आयोडीनच्या बाटल्यांत जिवंत जंतू सापडले होते आणि त्यातून रुग्णांना संसर्ग झाला. म्हणून उरलेलं औषध बाटलीत परत ओतू नका, संपत आलेल्या बाटलीत पाणी घालून पुरवू नका, मोठ्या कॅनमधून सुटं विकत घेऊ नका. घरासाठी लहान बाटलीच बरी. अंधारात, गार जागी, झाकण घट्ट, मुलांच्या हाताबाहेर. मुदत संपली की टाकून द्या.

औषधात दम उरलाय का हे बघायची एक घरगुती खूण आहे. चमचाभर निवलेल्या पेजेत एक थेंब टाका. निळंकाळं झालं तर आयोडीन आहे. काहीच रंग आला नाही तर बाटली फेका. या खुणेने बाटली निर्जंतुक आहे की नाही ते मात्र कळत नाही.

कपड्यावरचा डाग ताजा असताना गार पाण्यात साबणाने धुतला तर बहुतेक निघतो. राहिलाच तर लिंबाचा रस पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने आयोडीनचा रंग उडतो. खळ केलेल्या सुती साडीवर किंवा धोतरावर सांडलं तर तपकिरी न दिसता एकदम निळंकाळं दिसेल. घाबरू नका, ते खळीतल्या पिष्टामुळे. तिथेही लिंबूच, आणि रंग गेल्यावर साध्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या.